माझी फिट मी पाहिलेली नाही

मला फिट यायला लागून ३१ वर्षं झाली. त्यातली एकही मी पाहिलेली नाही. मला माहीत असतं ते आधीचं आणि नंतरचं. आधी मोरीतल्या बादलीत पाणी पडत असतं आणि नंतर माझ्याभोवती माणसं वाकलेली असतात, जीभ चावलेली असते, कपडे ओले असतात आणि अंग कुणीतरी खलबत्त्यात घालून कुटल्यासारखं दुखत असतं. मधलं सगळं ऐकीव. आई सांगते, डोळे पांढरे झाले होते. भाऊ सांगतो, पंधरा मिनिटं चाललं होतं. शेजारच्या काकू दरवेळी एखादी नवीन भर घालतात.

त्यामुळे माझा आजार म्हणजे दुसऱ्यांना दिसतं ते, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. जे फक्त मला कळायचं, ते आजारात धरायचं असतं हे मला २१व्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नाही. आणि सांगितल्यावरही मी ते एकदा विसरले.

सुरुवात बहुधा १९८८ची. मी फलटणला चौथीत होते. माझी शुद्धलेखनाची वही आईने अजून ठेवली आहे. अक्षर चांगलं आहे, पण वाक्यांना मध्येच भोकं आहेत. 'राजाने प्रधानाला' आणि मग एकदम 'दिले.' मधले तीन-चार शब्द गायब. बाई म्हणायच्या, "गेली बघा ही वारीला." वर्ग हसायचा, मीही हसायचे. काही सेकंद मी तिथे नसायचे आणि परत आले की बाई पुढच्या वाक्यावर असायच्या. पडणं नाही, झडणं नाही, नुसती नजर थिजायची. वहीत लाल शेरा पडला, 'लक्ष नाही.' घरी मार बसला तो त्या शेऱ्यासाठी. सातवीपर्यंत ते आपोआप कमी झालं आणि सगळे म्हणाले, पोर सुधारली.

दहावीच्या वर्षी दुसरंच सुरू झालं. सकाळी उठल्यावर पहिला तासभर माझे हात उडायचे. थरथर नव्हे. कुणीतरी कोपराला खालून टिचकी मारावी तसा एकच झटका, की हातातली वस्तू गेली. दात घासायचा ब्रश मोरीत, कंगवा दारात, चहा फ्रॉकवर. दहा वाजेपर्यंत सगळं ठीक. आई म्हणायची, "किती गं धांदरट!" मलाही ते पटलं होतं. काचेचे चार कप फुटल्यावर मला स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा मिळू लागला, तोही दोन्ही हातांनी धरून.

फेब्रुवारी १९९४मध्ये रात्री दोनपर्यंत भूमिती करून मी साडेपाचला पाणी भरायला उठले. हात तीन-चारदा उडाले, हे मला पक्कं आठवतं. मग ऐकीव भाग सुरू होतो. मी किंचाळले आणि हौदाजवळ पडले. आजीने "कांदा आणा गं, कांदा!" म्हणून गल्ली जागी केली. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, दातांत चमचा घातला. चमच्याने पुढचा दात अर्धा तुटला तो आजही तसाच आहे. फिट आपल्या वेळेने थांबली आणि किल्ल्यांचा गुण आला असं ठरलं. नंतर आजी मला एका देवऋष्याकडेही घेऊन गेली. त्याने दंडाला दोरा बांधला आणि लिंबू खायचं बंद केलं. लिंबाचा काय संबंध, हे मला आजवर कळलेलं नाही.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी आईला विचारलं, काय झालं? आईने फिट सांगितली. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हात उडण्याचं सांगितलं नसतं, कारण धांदरटपणा डॉक्टरांना कोण सांगतं? ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढला. दुपारी, वीस मिनिटांचा, छान झोप काढून गेल्यावर. तो नॉर्मल आला. फेनिटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रात्री सुरू झाल्या. वर्षभरात हिरड्या दातांवर चढल्या आणि ओठावर लव दाट झाली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला फिटपेक्षा याचंच जास्त वाईट वाटतं. म्हणून कार्बामाझेपिनवर आणलं. फिट वर्षाला तीन-चार येत राहिल्या आणि हात मात्र पहिल्यापेक्षा जास्त उडायला लागले. आता पायसुद्धा मध्येच गुडघ्यात दुमडायचा. मी कॉलेजला पुण्याला जायचे तेव्हा पहाटेच्या एसटीत खिडकीशी बसणं मला सोसायचं नाही. लोणंदच्या रस्त्याला झाडांच्या रांगेतून कोवळं ऊन चमचम करत डोळ्यांवर यायचं, की मांडीवरची पिशवी उडायची. मी डोळे मिटून, वर ओढणी घेऊन बसायचे. शेजारच्या बाईला वाटायचं, पोरगी रडतेय.

१९९९मध्ये पुण्यातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी आईचं सगळं ऐकून घेतलं आणि तिला थांबवून माझ्याकडे वळून विचारलं, "तू सकाळी चहा कशात पितेस?"

मी म्हटलं, "स्टीलच्या पेल्यात. अर्धा."

"का?"

आई म्हणाली, "धांदरट आहे हो ती, हातातून पाडते."

डॉक्टर पेन खाली ठेवून खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी विचारलं की हे फक्त सकाळीच होतं का, रात्री जागरण झालं की वाढतं का, लहानपणी वर्गात तंद्री लागायची का, झाडांतून येणाऱ्या उन्हाचा त्रास होतो का. मला भीतीच वाटली. हा माणूस आमच्या घरात राहून गेल्यासारखा बोलत होता.

दुसरा ईईजी सकाळी झाला. आदल्या रात्री तीनच तास झोपायचं, डोक्याला तेल नाही, केस धुऊन यायचं. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला, मग मिटलेल्या डोळ्यांवर दिवे लुकलुकवले. माझे खांदे उडाले आणि त्याच क्षणी कागदावरच्या रेघाही दोन्ही बाजूंनी एकदम उसळल्या. मोरीत पडलेला ब्रश, फुटलेले कप, शुद्धलेखनातली भोकं आणि हौदाजवळची फिट या चार वेगळ्या गोष्टी नव्हत्या. त्याचं एकच नाव होतं, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे वयात येताना सुरू होणारा, स्नायूंच्या झटक्यांचा अपस्मार. जर्मनीत डीटर यान्त्स यांनी १९५७मध्येच त्याचं सविस्तर वर्णन करून ठेवलेलं आहे, हे मी पुढे वाचलं. दुर्मीळही नाही. अपस्माराच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जण याचे असतात. आणि मी पाच वर्षं ज्या गोळ्या निष्ठेने घेत होते त्या या प्रकारात झटके वाढवू शकतात, हेही त्याच दिवशी कळलं. आधीच्या डॉक्टरांचा मला राग आला, पण पूर्ण नाही आला. त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली गेली होती, आणि उरलेली अर्धी माझ्याकडे होती.

सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू झालं आणि महिन्याभरात झटके गेले. त्या दिवाळीत मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी सात वाजता काचेच्या कपात, काठोकाठ, एका हाताने चहा प्यायले. आई समोर बसून बघत होती. "धांदरट" हा शब्द तिने त्यानंतर कधी काढला नाही. नंतर वजन नऊ किलोंनी वाढलं, केस गळले आणि हातांना बारीक कंप सुटला. कप पुन्हा हलायला लागला, पण हे हलणं औषधाचं होतं आणि त्यात चहा सांडत नव्हता.

लग्नाबद्दल थोडक्यात सांगते. घरच्यांचं म्हणणं होतं की आता फिट येत नाहीत तर बोलायचं कशाला. मामांनी वर कायद्याची भीती घातली की सांगितलंत तरी पंचाईत, नाही सांगितलं तरी पंचाईत. हिंदू विवाह कायद्यात १९७६पासून वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचंही नाव होतं, ते १९९९च्या दुरुस्तीने काढून टाकलं. ज्या वर्षी मला माझं निदान मिळालं त्याच वर्षी. हे मामांना ठाऊक नव्हतं. मी मुलाला रसवंतीत बसून सगळं सांगितलं, चमच्यापासून व्हॅल्प्रोएटपर्यंत. त्याने एकच प्रश्न विचारला, "आली तर मी काय करायचं?" २००४मध्ये आमचं लग्न झालं.

आता मूल हवं, म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो तेव्हा व्हॅल्प्रोएटबद्दल कळलं. पोटात बाळ असताना हे औषध घेतलं तर दहातल्या एका बाळात मोठं व्यंग असू शकतं, आणि जी बाळं धडधाकट जन्मतात त्यांच्याही शिकण्या-बोलण्यावर परिणाम होऊ शकतो. २०१८ साली युरोपात तर गर्भ राहणार नाही याची पक्की सोय असल्याशिवाय बायकांना हे औषध द्यायचं नाही, असा नियम झाला. मला ते सुरू केलं तेव्हा मी २१ वर्षांची होते आणि सहा वर्षं कुणी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ज्या गोळीने मला कप परत दिला तिच्यावर रागवायचं तरी कसं?

बदल सोपा नव्हता. पहिल्यांदा लॅमोट्रिजिन दिलं. ते अंगावर पुरळ येण्याच्या भीतीने मुंगीच्या पावलांनी वाढवावं लागतं, म्हणजे दोन-अडीच महिने आपण दोन होड्यांत पाय ठेवून उभे. व्हॅल्प्रोएट कमी होत गेलं तसे हात पुन्हा उडायला लागले आणि एका सकाळी स्वारगेटला, एसटीच्या रांगेत, मी पडले. शुद्धीवर आले तेव्हा माझ्या मुठीत किल्ल्या होत्या. अनोळखी माणसाच्या. तो बिचारा त्या परत मागायला लाजत होता. मग लेव्हेटिरासिटाम आलं. झटके थांबले पण मी फणा काढल्यासारखी बोलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "गोळी बदलली की सून बदलली?" तीन-चार महिन्यांत ते निवळलं. फॉलिक अ‍ॅसिड पाच मिलिग्रॅम रोज, गर्भारपणात औषधाची रक्तातली पातळी घसरते म्हणून दोनदा डोस वाढवला, पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली, आणि २००८मध्ये लेक झाली. ठणठणीत.

बाळंतपणानंतरचे सहा महिने माझ्यासाठी जास्त धोक्याचे होते, कारण या आजाराचा खरा वैरी जागरण आहे. रात्री बाराचं पाजून मी झोपायचे ती पहाटे पाचपर्यंत. मधल्या वेळचं काढून ठेवलेलं दूध नवरा पाजायचा. दुपटी बदलायची ती जमिनीवर, पलंगावर नाही. आंघोळ मी एकटीने कधीच घातली नाही. सकाळच्या पहिल्या तासात बाळ उचलून चालायचं नाही, बसून मांडीवर घ्यायचं. शेजारपाजारच्यांना वाटायचं, काय राणी आहे! वाटू दे.

२००९ ते २०१५, सहा वर्षं काहीच नाही. ना फिट, ना झटका. लोक म्हणायला लागले, इतकी वर्षं आली नाही म्हणजे गेली, कशाला शरीराला सवय लावतेस. काही प्रकारच्या अपस्मारात हे खरं असतं. औषध हळूहळू बंद करता येतं आणि फिट येत नाही. माझ्या प्रकारात बंद केल्यावर ती परत येण्याची शक्यता फार मोठी असते, हे मला सांगितलेलं होतं. तरी मी डॉक्टरांना न विचारता गोळी निम्मी केली. दोन महिने बरे गेले. तिसऱ्या महिन्यात सकाळी लाटणं हातातून उडालं. मी ते उचललं, धुतलं आणि पोळ्या लाटत राहिले. ज्या खुणेसाठी मी पाच वर्षं मोजली होती ती ओट्याखाली लोळत पडली आणि मी स्वतःशी म्हटलं, तेलकट असेल.

ऑक्टोबरात कोजागिरीचं जागरण झालं. सकाळी सहाला फिट. खांदा निखळला, तोही मागच्या बाजूला. फिटमध्ये स्नायू असे काही ओढतात की खांदा मागे जातो, आणि तसा गेलेला खांदा साध्या एक्स-रेत पटकन ओळखू येत नाही. मला तीन दिवस "मुका मार आहे, शेका" म्हणून घरी ठेवलं होतं. सात वर्षांच्या लेकीने ती फिट पाहिली. पुढे वर्षभर ती माझ्या मागे-मागे संडासापर्यंत यायची आणि बाहेरून विचारायची, "आई, आहेस ना?"

गोळ्या पूर्ववत झाल्या. मग वही सुरू केली. तारीख, झोप किती तास, झटके किती, पाळी कधी, गोळी चुकली का. गाडी चालवायचा प्रश्न नव्हताच. लायसन्सच्या पहिल्या अर्जातच अपस्मार आहे का असं विचारतात आणि मी खोटं लिहिणार नव्हते. एवढं सोडलं तर पतसंस्थेतली नोकरी, घर, लेक, सगळं इतरांसारखं चाललं.

२०२३पासून, म्हणजे ४५व्या वर्षापासून, पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि वहीतली पानं पुन्हा भरू लागली. पाळीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत झटक्यांचे पुंजके. आणि एक दिवस जेवताना लेक म्हणाली, "आई, तू 'मीठ' म्हणालीस आणि थांबलीस."

"कधी?"

"आत्ता. आणि काल फोनवर पण."

३५ वर्षांनी वारी परत आली होती. मला एकदाही कळलं नव्हतं. चौथीतल्या बाईंच्या जागी आता माझी लेक बसली होती, एवढाच फरक.

डॉक्टरांनी वही बारकाईने पाहिली. त्यांनी सांगितलं की इस्ट्रोजेन मेंदूला चेतवतं आणि प्रोजेस्टेरॉन शांत करतं. पाळी जाण्याच्या काळात हे दुसरं आधी मागे पडायला लागतं. पण त्यांचं बोट झोपेच्या रकान्यावर थांबलं. रात्री दोन-तीनदा घामाने भिजून मी उठत होते, आणि वहीत 'सात तास' असं लिहीत होते. अंथरुणात घालवलेले सात तास. गोळ्यांची कंपनी बदलली का, हेही त्यांनी विचारलं. बदलली होती. दुकानदाराने "तेच आहे, स्वस्त पडेल" म्हणून दिली होती. शिवाय कापूर आणि निलगिरीबद्दल विचारलं, कारण ही तेलं फिटला चिथावणी देऊ शकतात आणि बंगळूरच्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलेलं आहे. आमच्याकडे सर्दी झाली की सासूबाई पातेल्यात निलगिरी घालून वाफ देतात. त्या या मुद्द्यावर अजून रुसलेल्या आहेत. डॉक्टरांनी शेवटी म्हटलं, सकाळचे झटके कुणाला तरी मोबाइलवर काढायला सांगा.

यंदा जानेवारीत लेक बारावीच्या अभ्यासाला पहाटे उठत होती. सहाला दहा कमी असताना मी पलंगाच्या कडेला बसले होते आणि हात उडायला लागले. मीच तिला हाक मारली, "काढ गं."

तो व्हिडिओ मी चार दिवसांनी, दार लावून, पाहिला. सुरुवातीला मी आहे. केस सुटलेले, हातात रिकामा पेला. एक झटका, पेला हलतो. मी कॅमेऱ्याकडे बघून हसते. हे हसणं मला आठवत नाही. मग दोन झटके लागोपाठ, मग खांदे, मान, झटक्यामागून झटका, आणि एक आवाज येतो. माणसाचा वाटत नाही तो. छातीतली हवा एकदम बाहेर रेटली गेली की असं होतं, त्या वेळी वेदना नसते, हे मला माहीत आहे. तरी मी तिथे थांबवलं आणि पाणी पिऊन आले.

त्यापुढे चित्रात काही नाही. लेकीने फोन पलंगावर टाकून दिला, तो उताणा पडला. पडद्यावर नुसतं छत आणि बंद पंखा. बाकी ऐकायचं. पलंगाची कुरकुर. "बाबा! लवकर या!" मग तिचाच आवाज, इतका शांत की मला ओळखू येईना, "कुशीवर घ्या. उशी काढा. आजी, चमचा ठेव आधी खाली. तोंडात काही नाही घालायचं." सासूबाईंचं "विठ्ठला, विठ्ठला." नवरा घड्याळ बघून मिनिटं सांगतोय, कारण पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाकात मारायचा स्प्रे फ्रिजवरच्या डब्यात आहे आणि मग दवाखाना. तो "एक" म्हणतो. "दोन" म्हणायच्या आत कुरकुर थांबते आणि घोरण्यासारखा श्वास सुरू होतो. मी सेकंद मोजले. एक मिनिट पन्नास. भाऊ जन्मभर पंधरा मिनिटं सांगत आला.

मग बराच वेळ नुसता पंखा, आणि लेक, "झालं आई. झालं. मी इथेच आहे."

डॉक्टरांनी पहिली वीस सेकंदं तीनदा पाहिली. झटक्यांतूनच मोठी फिट उगवते, हे त्यांना आता डोळ्यांनी दिसलं होतं. सकाळची लेव्हेटिरासिटामची गोळी वाढवली. पाळीच्या आसपासच्या दिवसांपुरती रात्री क्लोबाझामची छोटी गोळी दिली, पण पाळीच बेभरवशाची असल्यामुळे ती कधी घ्यायची याचा अंदाज माझ्या वहीवर सोडला. घामासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आहे. हाडांची घनता तपासायला सांगितली आहे, कारण जुन्या गोळ्यांनी ती वर्षानुवर्षं पोखरलेली असू शकते. मार्चपासून वहीत सात झटके आहेत आणि लेकीच्या हस्ताक्षरात 'वारी' दोनदा.

ती पंधरा वर्षांची झाल्यापासून मी रोज सकाळी तिच्या कपाकडे बघते. आईला हा आजार असला तर मुलात येण्याची शक्यता शंभरात थोडीच असते, हे मला पाठ आहे. ती काचेचा कप घेते, काठोकाठ, एका हातात, दुसऱ्या हातात रसायनशास्त्र. माझं बघणं तिला कळतं. "नाही उडत गं," ती मान वर न करता म्हणते.

तो व्हिडिओ नवऱ्याने काढून टाकू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. मग म्हटलं, तो पंखा तेवढा पुसा, पात्यांवर किती जाळी आहे. मला स्टुलावर चढायची घरात बंदी आहे.